शिसं

नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत
मी टाइप करते. पानाला अठरा रुपये,
ग्रीक शब्द आले की वीस.
मायदेव सरांचं अक्षर मुंग्यांसारखं,
ओळ सोडून भलतीकडे जाणारं.
पुस्तक जुन्या ग्रीसमधल्या घरांचं :
उंबऱ्यावर कोण, कोठीत कोण,
जेवणाआधी कुठल्या देवासाठी काय सांडायचं.

कोठीतल्या रांजणाच्या कानांना पांढरी लोकर बांधत,
त्यात झ्यूस राहायचा.
एवढा मोठा देव, धान्याच्या राखणीला.
मुलगी झाली तर दाराला लोकर, मुलगा झाला तर ऑलिव्हचा हार,
पाचव्या दिवशी बाळाला घेऊन चुलीभोवती धावायचं.
इथे माझी बोटं थांबली.
आमच्या चेंदणीत पाचवीला
पाट्यावर वरवंटा निजवतात,
सटवीसाठी कोरा कागद, लेखणी.
ती रात्री काय लिहून जाते ते कुणी वाचत नाही.
माझ्या कागदावर बहुतेक
‘दुसऱ्याचं लिही’ असणार.

प्रकरण सात : शिशाचे पत्रे.
खटला असला की माणसं पातळ पत्र्यावर
समोरच्याचं नाव कोरत.
जीभ बांधते, म्हणत. त्याची, त्याच्या साक्षीदारांची,
त्याच्या बाजूनं बोलेल त्या प्रत्येकाची.
घडी घालत, खिळा ठोकत,
अकाली गेलेल्याच्या थडग्यात सारत, नाहीतर विहिरीत.
कधी नाव उलटं लिहीत,
म्हणजे बोलणंही उलटं पडावं.

हरेश्वर विरुद्ध मी.
ठाण्याचं दिवाणी कोर्ट, बाबांची दीड खोली,
बिल्डरचा नकाशा, चौथं वर्ष.
आईच्या माळ्यावर जाळं आहे अजून,
खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या.
एक काढली, खलबत्त्यात ठोकून चपटी केली.
काय कुटतेस गं? आईनं विचारलं.
मिरी, म्हटलं.

पिन घेऊन उलटं लिहायला बसले :
र. मग श्व.
श्व काही सुटेना.
दिवसाला शेकडो जोडाक्षरं फोडते मी कळफलकावर,
इथे श आणि व एकमेकांना धरून बसले,
खाडीत निवट्या धरताना
तो नि मी गुडघाभर चिखलात उभे असायचो तसे,
एकाच टोपलीला धरून.
लिहिलं मग तसंच. रश्वरेह.
कुठल्या तरी राक्षसाचं नाव वाटलं.

अमावास्येला निघायला उशीर झाला.
तीन हात नाक्याला पुलाखाली
कुणी तरी उतारा ठेवलेला : दहीभात, लिंबू, उकडलेलं अंडं, हळदकुंकू.
सरांच्या पुस्तकात हीच रात्र आहे.
तीन तोंडांची हेकाटी, तीन रस्ते मिळतात तिथली.
तिचं ताट ठेवायचं आणि मागे वळून बघायचं नाही.
ताट गोरगरीब खात,
हेही लिहिलंय त्यांनी, तळटिपेत.
इथे गजरे विकणारा पोरगा
सिग्नल सुटेपर्यंत अंडं सोलत होता.
मी बघतेय कळल्यावर म्हणाला,
मावशी, लिंबू पायजे?

पर्समध्ये शिसं होतं. तलावपाळी फार लांब नव्हती.
पण रिक्षा मिळाली.

मंगळवारी तारीख.
हरेश्वर उभा राहिला, तोंड उघडलं,
आवाज नाही.
घसा पार बसलेला. वकिलानं पाणी दिलं,
न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं,
ओठांतून नुसती हवा.
माझे हात गार पडले.
मी तर अजून टाकलंच नव्हतं!
पर्स चाचपली. पत्रा लागला,
त्याला चिकटून ज्येष्ठमधाची काडी.
बाहेर जिन्यात ती त्याच्या हातावर ठेवली.
चघळत काही तरी म्हणाला तो.
‘आई’ असावं, किंवा ‘आहे’.
पुढची तारीख तेवीस.

सरांना विचारलं, हे लागू पडायचं का हो?
म्हणाले, पत्रे सापडतात,
निकाल नाही सापडत.
आणि वीसच्या हिशेबानं पैसे मोजून दिले.

प्रकरण आठ, शिंका आणि शकुन,
पंख्याखाली फडफडत होतं.
वर शिसं ठेवलंय.
नावाची बाजू खाली.