पासंग

सकाळी शटर वर केलं
तर बुंदी उलटी तरंगत होती,
पांढरं पोट पाण्याबाहेर, रुपयाएवढं,
वाऱ्यावर वाळत.
मेली म्हणून गुंडाळायला कागद शोधत होतो,
तेवढ्यात कल्ला हलला.

शहापुरात, खडे बाजारच्या कोपऱ्यावर
एकोणतीस वर्षं मी तराजू सरळ करतोय.
भाजीवाल्यांचे, सोनारांचे,
निपाणीच्या तंबाखू वखारीतले धूड लोखंडी काटे.
कुठलं पारडं कशानं झुकतंय
ते मला दांडीला हात न लावता कळतं.
आणि माझ्याच काउंटरवर, काचेत,
चार बोटांचा जीव पोट वर करून.

कॅम्पातल्या इम्तियाज किल्लेदारनं ती विकली होती.
फोनवर तो सावकाश विचारत गेला:
खाल्ल्यावर उलटते, की उपाशीपोटीपण?
शी दोरीसारखी लोंबते का?
वरून बघा, खवले फणसागत उभे राहिलेत?
राहिले असले तर माझ्याकडं औषध नाही.
पाणी कधी बदललाय? खरं सांगा.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, म्हटलं.
तो गप्प.

मग म्हणाला, हे गोल मासे म्हणजे कोंबलेली ट्रंक हो,
आतड्यानं हवेची पिशवी दाबली जाते.
तरंगते दाणे गिळताना वारापण गिळतात.
त्यात डिसेंबर,
आपल्या बेळगावचं पाणी रात्री कसं होतं
तुम्हाला सांगायला नको.

आमच्या धंद्यात हलक्या पारड्याखाली
खडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात.
हिचा पासंग पोटात, आणि वाऱ्याचा.
कुठून सोडवायचा?
बुंदीला स्क्रू नाही.

शेजारच्या गंगव्वा हुलमनीनं
शेवंतीची टोपली खाली ठेवली, काचेला नाक लावलं,
"होट्टी तुंबैती," म्हणाली. पोट भरलंय.
एवढं कन्नड मला पुरतं.

तीन दिवस उपास.
तो मलाच जड गेला.
पाटीवर खडूनं लिहिलं, माशाला खायला घालू नये.
खाली गंगव्वाच्या पोरानं तेच कन्नडात लिहिलं.
गल्लीतल्या कुणीही
कुठली अक्षरं उंच ते मोजलं नाही.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत मुरवून
रोज पाव हिस्सा बदललं.
पातळी वीतभर ठेवली, तिला चढायला कमी पडावी म्हणून.
शेजारी साठचा बल्ब लावला.
उघड्या पोटावर तासातासानं चमच्यानं पाणी सोडलं,
गिऱ्हाईक थांबलेलं असताना.

एप्समचं मीठ आणलं. किती घालायचं?
तीस लिटरला ग्रॅमभर, इम्तियाज म्हणाला.
मी वडिलांची डबी काढली.
मखमलीत बसवलेली पितळी वजनं,
तोळा, गुंज,
आणि मधे मासा.
बारा मासे म्हणजे तोळा, पोरपणी पाठ केलं होतं,
तेव्हा वाटायचं तोळ्यात बारा मासे पोहतात.
सोनाराच्या काट्यावर
माशासाठी एक मासा मीठ तोललं.
हात थरथरत होता.
दांडी नव्हती थरथरत.

चौथ्या दिवशी वाटाणा. उकडून, साल काढून,
चिमट्यानं तिच्या तोंडाशी धरला.
उलटीच होती, उलट्या तोंडानंच ओढला.
पाचव्या दिवशी तळाला हिरवी शी पडली
आणि मी गंगव्वाला हाक मारली,
काय सांगायचंय ते न ठरवता.

वजनमापाचे बैलूर साहेब परवा
शिक्के मारायला आले. वाकून बघितलं.
डावीकडं कललेली पोहत होती,
वळताना एक गिरकी जास्त.
"हिला पासंग राहिलाय की हो, होनगेकर."
म्हटलं, असू दे साहेब.
दुसऱ्या कुणाच्या काट्याला मी असं बोललो नसतो.

दाणे आता भिजवून घालतो, बुडणारे.
पाणी दर शनिवारी.
तो पितळी मासा डबीत ठेवायचा राहिलाय,
काचेजवळच पडून आहे, मिठाचे दोन कण लागलेले.