बोटभर हिंदक

इराप्पा गुडघ्यावर बसून स्पीकर सरकवतो.
"हिंदक?"
"नको, भिंतीपासून लांब. बोटभर."
फरशीवर खडूच्या रेघा वाढत चालल्यात,
आमच्याकडे रेघ मारताना कुणाचा हात कचरत नाही.

खर्ज अजून काकवीसारखा,
कोपऱ्यात साचतो, निथळत नाही.
डब्याच्या पोटात घोंगडीचा तुकडा कोंबला,
खाली चार नाणी सारली,
तेव्हा कुठं डग्गा मोकळा झाला:
मनगट घासलं, कातडं दबलं,
मग शाई बोलली.

ही भैरूची टेप. याच खोलीत भरलेली,
सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, वडगावला.
तिहाईच्या आधी तो श्वास घेतो,
हे मला आजवर माहीत नव्हतं.

आणि त्याच्याही खाली
खट्‌-धप्प, खट्‌-धप्प.
वैतागलोच मी. "इराप्पा, जा बघू,
दानव्वाच्या पोराला म्हणावं
पाच मिनिटं माग बंद ठेव."

इराप्पा उठला नाही.
खडू खिशात टाकला, हात झाडले.
"कुठला माग, मालक?
भंगारात घालून तिसरं वर्ष."

मी टेप उलटी फिरवली.
या खेपेला भैरूच्या आधी
माग सुरू झाला.