शेवटचा नंबर

भिशीची वही एकोणीस वर्षं माझ्याकडे होती.
कन्नमवार नगर, तळमजला, दर महिन्याची सात तारीख.
कुकर लावून बायका यायच्या,
तिसऱ्या शिट्टीच्या आत परत जायच्या.
बारा जणी, दोन-दोन हजार.
नोटा आधी मी मोजायचे, मग हिरा तांडेल मोजायची,
कारण माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता
आणि तो तसाच राहावा असं मला वाटायचं.

चिठ्ठ्या शेवयांच्या डब्यात.
उचलायला कुणाचं तरी शेंबडं पोर.
जिचं नाव निघे तिच्याकडे मी बघायचे नाही.
बघायचे उरलेल्यांकडे:
अर्धी हळहळ, आणि अर्धं
‘बरं झालं, माझे अजून यायचेत.’

हे दुसरं अर्ध मला पुष्पलता गिरकरमुळे दिसलं.
जानेवारीतच येऊन सांगायची,
"माझी चिठ्ठी टाकूच नकोस. मला डिसेंबर."
आधी वाटलं, बाई मोठ्या मनाची.
मग कळलं, मोठ्या हिशेबाची.
फेब्रुवारीत तिने त्या चोवीस हजारांचा
दोन दारांचा निळा फ्रिज घेतला.
एप्रिलमध्ये तो परत केला आणि
गणपतीपुळ्याला समुद्रासमोरची खोली घेतली, नवऱ्यासकट.
ऑगस्टात नणंदेच्या नाकावर टिच्चून एक पाटली,
पोकळ, पण पाटली.
हे सगळं जिन्यात उभ्या-उभ्या,
हातात मेथीची पिशवी.
डिसेंबरात खरे पैसे मिळाले की
चार दिवस गप्प असायची.
उतरवलेल्या कंदिलासारखं तोंड.
पैसे जायचे गळक्या मोरीत, दाढेच्या रूट कॅनालमध्ये.
जानेवारीत पुन्हा दारात हजर.

पैशाने सुख मिळत नाही, असं म्हणतात.
म्हणणाऱ्याची दाढ कधी
डिसेंबरपर्यंत ठणकत राहिलेली नसावी.

मी आयुष्यात एकच अफरातफर केली.
हिराच्या नवऱ्याला सायनला भरती केलं त्या मार्चमध्ये
डब्यात नऊ चिठ्ठ्या होत्या
आणि नवांवरही हिराचं नाव.
पोराने एक उचलली. टाळ्या झाल्या.
हिरा मोजता मोजता दोनदा चुकली.
उरलेल्या आठ मी आवरायच्या आत
पुष्पलताने गोळा केल्या,
मेथीच्या पिशवीत टाकल्या,
आणि जिन्यात वळून म्हणाली,
"तुझं अक्षर फार छान आहे गं."
पुढे कधी विषय नाही.

मग इमारत पाडायला घेतली.
बिल्डरचे चेक आले, आणि आम्ही पांगलो,
कुणी दिव्याला, कुणी बदलापूरला.
वहीत त्या महिन्यापासून कोरी पानं.
दोन-दोन हजारांसाठी आता कोण जिने चढणार?

परवा ऐरोलीहून तिचा फोन.
"खात्यात नऊ लाख पडलेत," म्हणाली,
जसं कुणी सांगावं, घरात पाहुणे आहेत आणि जात नाहीत.
"फ्रिज बघायला गेले होते.
पोराने अठरा दाखवले. निळासुद्धा होता.
गं, कुठलाही घेता येत होता."
"मग?"
"मग काय. सरबत पिऊन घरी आले."

पलीकडे तिची बस हॉर्न वाजवत होती.
मी भाकरी उलटली.
तेवढ्यात तीच म्हणाली,
"भिशी सुरू करतेस?"
"चौघीच उरलोय आपण."
"असू दे चौघी. मला चौथा दे."

संध्याकाळी हिराचा फोन:
"पैसे मोबाइलवरून पाठवू ना? आता तसंच करतात."
म्हटलं, अजिबात नाही. सात तारखेला ये.
एकटीने मोजलं की
मला भरवसा वाटत नाही.