इतिवृत्त, विषय क्रमांक चार

नियमाप्रमाणे नोटीस सात दिवस आधी लावली होती,
पंचायतीच्या दारावर,
मोठ्या माणसाच्या डोळ्यांना सरळ येईल अशी.
ज्यांच्यासाठी होती त्यांना ती दिसलीच नाही
हे मला सभेत कळलं.
इस्माईल पटेल, सहावी, पहिलाच उठला आणि म्हणाला,
"साहेब, कागद जरा खाली डकवत जा."
घेतलं लिहून.

लिंबगव्हाण, तालुका सेनगाव.
बालसभा. हजर एक्केचाळीस लेकरं,
दोन गुरुजी, सरपंचबाई,
आणि सरपंचबाईंचे मालक,
ज्यांना रजिस्टरमध्ये रकाना नाही
पण खुर्ची असते.

विषय एक ते तीन वरून छापून आले होते.
वाचले. लेकरांनी टाळ्या वाजवल्या,
कारण गुरुजींनी वाजवल्या.
विषय चार : शिल्लक निधीतून शाळेला कमान.
कमानीवर कोणाकोणाची नावं येणार ते मालकांनी सांगितलं,
रंगही सांगितला.
हात वर करा म्हटल्यावर हात वर गेले.
शाळेत एवढं तर शिकवलेलंच असतं.

माझा पेन सवयीनं पुढं निघाला होता,
बावीस वर्षांत ह्या शब्दापाशी तो कधी अडला नव्हता :
सर्वानुमते.
"साहेब, माझा नव्हता."
तांड्यावरची निलावती राठोड. सातवी.
"माझा हात खालीच व्हता. मंग सर्व कसे?"

शाईचा एक ठिपका पडला त्या जागी.
अजून आहे.

ती म्हणाली, कमानीखाली यायला आधी वढा वलांडावा लागतंय.
दोन नळे हायती, त्यातला एक बुजलाय.
मालक हसले, असं किती पाणी असतंय गं त्याला?
तेव्हा तिनं दप्तरातून दावं काढलं.
शेळीचं, जुनं, तीन गाठी मारलेलं.
पोळ्याच्या आदल्या दिवशी इथवर.
गणपती बसले तवा इथवर.
तिसऱ्या गाठीचा दिवस तिनं सांगितला नाही.

बिस्किटांचे पुडे वाटायचे राहिले होते.
सरपंचबाई तासभर काही बोलल्या नव्हत्या,
दीड वर्ष म्हटलं तरी चालेल.
त्या उठल्या, दाव्याचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं
आणि दावं स्वतःला लावून पाहिलं.
तिसरी गाठ कमरेला आली.
"ही कशाची?"
"भावाच्या गळ्याची. पहिलीत हाय."

मालक म्हणाले, चला, पुढचा विषय घ्या.
बाई म्हणाल्या, थांबा.
कोणाला म्हणाल्या ते मी लिहिलेलं नाही.

हात पुन्हा मोजले.
बाजूने सव्वीस, विरोधात नऊ,
सहा जणांनी अर्धाच वर केला, कोपरापासून,
गुरुजींकडं बघत.
अर्ध्या हातालाही रकाना नाही.
समासात लिहिलं.
विषय तहकूब.
खोडलेल्या शब्दाशेजारी सही करावी लागते, केली.

दावं इतिवृत्ताला जोडता येत नाही, टाचणी बसत नाही,
म्हणून फाईल त्यानंच बांधली,
गाठी वर दिसतील अशी.
अभियंता आले की मोजमाप मागतील.
आलेले नाहीत.

दिवाळी झाली आणि तांडा कारखान्याला गेला.
निलावतीही गेली.
पुढची बालसभा जानेवारीत, तारीख वरून येते.
तिच्या नावापुढं मला गैरहजर लिहावं लागेल,
आणि कुठं गेली, कोणी विचारून गेलं, तिच्या हाताचं काय,
हे लिहायला ओळ पुरणार नाही.

नोटीस ह्यावेळी खाली डकवली,
इस्माईलच्या छातीला लागेल इतकी खाली.
दुसऱ्या दिवशी शेळीनं खाल्ली.
पुन्हा डकवली.