लास्ट

कारखान्याच्या फाटकावर पाटी लागली, 'लास्ट डे',
तेव्हा विल्फ टेबट एकटाच हसला.
म्हणाला, एक्केचाळीस वर्षं
माझा रोजचाच दिवस लास्टचा होता की.

नॉर्दम्प्टनच्या पोरांना हे चालायच्या आधी कळतं:
बूट माणसाच्या पायावर बेतत नाहीत,
लाकडाच्या पायावर बेततात.
आपण त्याला फर्मा म्हणतो,
हे लोक म्हणतात लास्ट.
घोटा नाही, बोटं नाहीत,
तळव्याखालची कमान तेवढी नेमकी.
जोडीजोडीनं दोरीला टांगलेली
गिऱ्हाइकांची नावं शाईत,
हजारभर माणसं, पायांपुरती.

मी त्याच्या वरच्या खोलीतली भाडेकरू.
एका रविवारी थंड पाय खाता खाता
(हसू नका, मैद्याचा, आत मटण)
त्यानं मला तो शब्द उकलून दाखवला,
जुना बूट उसवावा तसा, टाच आधी.

एक शब्द नाही तो, म्हणाला,
एका कोटात शिरलेली माणसं आहेत.
सगळ्यात जुना म्हणजे पाऊलखूण.
चिखलातली, जनावरामागे जाताना दिसते ती.
त्या खुणेचंच पुढे लाकूड झालं.
आणि जो खूण सोडत नाही, जातच राहतो,
तो टिकतो. म्हणून टिकणं, तेही लास्ट.
हे दोघे सख्खे.

'शेवटचा' मात्र परका.
तो उशिराच्या घरातला:
उशीर, त्याहून उशीर, सगळ्यांत उशीर,
आणि तोंडातोंडी मधलं अक्षर झिजलं,
टाच झिजते तसं, एका बाजूनं.

अजून एक आहे, माझ्या मेव्हण्याचा, क्लॅरेन्सचा.
यारमथच्या धक्क्यावर तो हेरिंग मोजायचा,
बारा पिंपं म्हणजे एक लास्ट.
त्याचं मूळ ओझं.
क्लॅरेन्सची पाठ बघितली असतीस
तर कोश उघडायची गरज नव्हती.

कोश हेस्टरनं उघडला होता, वाचनालयात.
मोठ्यानं वाचून दाखवलं तिनं,
चष्मा दोघांत एकच, आणि तो तिच्या नाकावर.

शेवटच्या दिवशी सगळे फर्मे बॉयलरकडे निघाले.
सुकलेलं मेपल, छान जळतं.
विल्फनं कोटाखाली एक जोडी आणली.
साडेचार नंबर. 'एच. टेबट.'
उजव्याच्या अंगठ्यापाशी चामड्याचे तुकडे ठोकलेले,
एकावर एक, पेन्सिलीनं साल घातलेलं:
अठ्ठावन्न. त्रेसष्ट. एकाहत्तर.
तिचं हाड वाढत गेलं,
तसतसं यानं लाकूड वाढवलं.
बूट तिच्यानंतर चर्चच्या विक्रीत गेले.
गावात कुठेतरी चालत असतील अजून,
आत दुसऱ्याच कुणाचे तरी पाय.

शेजारची पोरगी विचारते,
हे दार अडवायचं आहे का?
तो म्हणतो, हो.

मला आपला 'माग' आठवतो.
माग काढणं. माग लागणं.
मागे राहणं.
त्याला सांगायला गेले आणि अडखळले,
इंग्रजीत ते तीन वेगळे शब्द होतात
आणि गंमत निघून जाते.
तो म्हणाला, राहू दे, कळलं.
काय कळलं कुणास ठाऊक.

मार्चमधल्या एका संध्याकाळी, बर्फ वितळल्यावर,
खिडकीतून दिसला तो मला परसात,
गुडघ्यांखाली पोतं घेऊन.
ओल्या मातीत त्यानं डावा फर्मा दाबला,
मग उजवा, तुकड्यांसकट,
मग पुढे सरकून पुन्हा डावा.
झुडपांच्या दिशेनं, जिथे ती आंबट बोरं तोडायची.

चार पावलं.
पाचवं गुडघ्यांनी टाकू दिलं नाही.
थोडा वेळ तसाच बसला,
मग फर्म्यांची माती सदऱ्यानं पुसून
आत गेला, आणि दिवा लावायला विसरला.