पावणेतेवीस

आज मला पितळेचं एक हेल्मेट मिळालं,
अक्रोडाच्या फळीवर ठोकलेलं, मुठीएवढं.
खाली कोरलंय: फुटबॉलची सेवा, एकोणचाळीस वर्षं.
ब्रझोझ्कामधला एक झेड गाळलाय.
चालायचंच.

चेंडू मी कधी फेकला नाही.
स्टँडखालच्या जाळीच्या खोलीत बसायचो,
स्क्रू, वाद्या, हनुवटीचे पट्टे, हवेचा हातपंप
आणि शिंप्याकडे असते तशी कापडी टेप.
ऑगस्टच्या उकाड्यात पोरं रांग लावायची.
भुवईवर बोटभर जागा सोडून मी टेप फिरवायचो.
आधी डोकी कळायची, नावं मागाहून.

साडेबावीस: पोस्टमास्तरांचा थोरला.
तेवीस आणि एक सूत: बेकरीवाल्या होलुबचा,
हेल्मेट उतरवताना कान दुमडायचे त्याचे,
डोळ्यांत पाणी यायचं, घाम म्हणून पुसायचा.
पावणेतेवीस: लामार टिलरी.

लामार तिसऱ्या टेबलाशी बसलाय.
बायको त्याचं चिकन बारीक करून देतेय.
"आपण आधी भेटलोय का?" त्यानं विचारलं.
म्हटलं, भेटलोय.
गोड येईपर्यंत आमची चारदा ओळख झाली.

शहाऐंशीचा ऑक्टोबर. चिखल. तिसरा क्वार्टर.
दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत तो रेषेबाहेर आला,
डोळे उघडे,
आत कुणीतरी दिवा मालवून गेल्यासारखे.
गालाजवळची उशी निसटली होती.
कोच ओरडला, "व्हर्ज, किती वेळ?"
तो हेल्मेटचं विचारत होता.
मी हेल्मेटचंच सांगितलं:
चाळीस सेकंद.

छत्तिसातच केलं.
पट्टा आवळला, टाळूवर दोन थापा मारल्या,
आणि तो धावत गेला
समोरच्या संघाच्या घोळक्यात.
स्टँड हसला.
मीही.

"या माणसाच्या हातचं हेल्मेट कधी सैल झालं नाही!"
माइकवर कुणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले.
लामारही उठला, बायकोनं कोपराला धरलेला.
बाकीचे बसले तरी तो टाळ्या वाजवतच होता.
भाषणाचा कागद माझ्या खिशातच राहिला.
त्यात कोचचे आभार होते,
नदीकाठच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्याचे,
धुलाईच्या यंत्राचेसुद्धा.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं.
त्याची बायको गाडी आणायला गेली,
म्हणाली, दोन मिनिटं लक्ष ठेवाल?
त्याची लोकरी टोपी खाली पडली होती.
उचलून घातली.
बोटं आपसूक भुवईवर गेली,
मोजायला नव्हे, सवयीनं.
पावणेतेवीस. सुताचाही फरक नाही.

टोपी बसताच तो ताठ झाला.
काचेपलीकडच्या अंधाऱ्या पार्किंगकडे बघत
म्हणाला, "जाऊ आत?"

मी पितळ जमिनीवर ठेवलं.
"नको," म्हटलं.
"बस जरा. घाई नाही."