उघडझाप

डोळ्यांची उघडझाप करा, म्हणतो मोबाइल.
कौसाबाई खुर्चीत ताठ,
केसांना तेल, धुतलेलं लुगडं;
फोटो निघणार म्हणून.
"उघडू काय अन् झाकू काय लेकरा?
देवी आल्या तव्हा तिसरं वरीस होतं मला."

मी तिच्या पापण्या बोटांनी उचलल्या.
पडल्या.
मग तिच्या गालाला गाल लावून
माझेच डोळे मिचकावले.
चौकटीत एकच चेहरा असावा.

रांगेतून कुणी म्हणालं, उजेडात न्या.
नेली. जिंतूरच्या तहसीलसमोर,
चैत्रातल्या दुपारी
तिच्याआधी मोबाइलच तापून बंद पडला.
चालू झाला तेव्हा निकाल घेऊनच:
लाभार्थी हयात असल्याची खात्री पटली नाही.

पंधराशे रुपये महिना.
हे वाक्य तिला कुठल्या तोंडानं वाचून दाखवायचं?
म्हणालो, रेंज नाही मावशी, सोमवारी या.

तिनं हात पुढं केला.
माझं नाक, हनुवटी, कपाळ चाचपलं हळूहळू.
"तू चारठाण्याच्या केशरचा ना रे?
खोटं बोलताना तिच्याबी कपाळाला
अशाच आठ्या पडायच्या."

काठी टेकत ती स्टँडच्या दिशेनं गेली.
सोमवारी सुट्टी आहे
हे मला नंतर आठवलं.